धोंड्याच्या महिन्यातलं रोटरी टेबल

अधिक महिन्यात जावयाला तेहतीस अनारसे देतात. माझ्या चुलत सासऱ्यांनी यंदा मला तेहतीस अनारसे दिले आणि सोबत एक जाम झालेलं रोटरी टेबल दिलं. अनारसे मी जळगावला घरी आल्यावर मोजले, बरोबर भरले. टेबल शेजारच्या किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवलं, ते सत्तावीस किलो भरलं. दुकानदाराने विचारलं, हे काय? मी म्हटलं, धोंड्याचं वाण. त्याने काटा पुसून घेतला.

चुलत सासरे धुळ्याला राहतात. त्यांना सगळे आबा म्हणतात, मीही म्हणतो. धुळ्यात त्यांचं वर्कशॉप होतं, चोवीस वर्षं चाललं. त्यात त्यांचे भागीदार होते नाना, सोनगीरचे. दोघांनी मिळून पंपांचे शाफ्ट केले, जिनिंगच्या मशिनींचे गिअर केले. आणि साडेनऊ वर्षांपूर्वी दोघांचं बोलणं बंद झालं ते याच टेबलावरून.

रोटरी टेबल म्हणजे लोखंडाचा गोल पाट. माझ्याकडचं आठ इंचाचं आहे. ते लोखंड कोरायच्या मिलिंग मशीनवर बसवतात, त्यावर कामाचा तुकडा आवळतात आणि बाजूचा दांडा फिरवून हवा तेवढाच कोन वळवतात. आत एक स्क्रूसारखी दांडी असते, तिला वर्म म्हणतात, ती दातांच्या एका मोठ्या चाकाला फिरवते. दांड्याचा एक फेरा म्हणजे चार अंश. मी भूमापन कचेरीत नोकरी करतो, अंश आणि मिनिटं हा माझा रोजचा धंदा आहे, त्यामुळे घरच्या मिलिंग मशीनला असं टेबल असावं असं मला बऱ्याच दिवसांपासून वाटत होतं. मागच्या व्हरांड्याला जाळी लावून नऊ बाय सातची जागा मी वर्कशॉपसाठी केली आहे. घरात तिला "तुमचं कार्यालय" म्हणतात.

टेबल देताना आबांनी एक अट घातली होती.

"जावईबापू, चाललं तर तुमचं. पण उघडल्यावर आत काय तुटलंय ते मला कागदावर लिहून द्या. तुम्ही मोजणीवाले. तुमचं लिहिलेलं कोणी खोटं म्हणणार नाही."

प्रकरण असं होतं. टेबल घेतल्यापासूनच्या दहाव्या दसऱ्यानंतरच्या आठवड्यात नानांनी एका कामासाठी टेबल सोनगीरला नेलं होतं. महिन्याने परत आणलं तेव्हा ते जाम होतं. आबा म्हणाले, तू पाडलंस. नाना म्हणाले, मी पेटी उघडली तेव्हाच ते फिरत नव्हतं, उचललं तसं आणून ठेवलं. आबांकडे बिनतोड पुरावा होता: दसऱ्याला मी स्वतः पूजा करून, स्वतःच्या हाताने तेल घालून ठेवलं होतं, तेल घातलेलं टेबल आठ दिवसांत जाम कसं होईल? त्या वर्षी भागीदारी मोडली, नाना गावी गेले. तेव्हापासून एकमेकांच्या घरच्या लग्नांना दोघेही जातात, पण एक पहिल्या पंगतीला जेवतो आणि दुसरा शेवटच्या.

बायको म्हणाली, "तुम्ही त्यात पडू नका. टेबल ठेवा आणि कागद विसरा." मी म्हटलं, कागद आधी कबूल केलाय, टेबल नंतर मिळालंय. तिने नाद सोडला.

चार दिवसांनी नानांचाच फोन आला. बातमी त्यांच्यापर्यंत कशी गेली ते मला माहीत नाही, पण धुळ्याहून सोनगीर वीस किलोमीटरच आहे. माझी त्यांची एकदाच भेट झालेली, तीही पंगतीत. ते फार बोलले नाहीत.

"तुम्ही मोजणीवाला शेतस ना? मंग जे दिसी ते लिखा. मना बाजूनं बी नको, त्याना बाजूनं बी नको."

मी बरं म्हटलं. फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं की आता दोन म्हातारी माणसं माझ्या नऊ बाय सातच्या व्हरांड्याकडे डोळे लावून बसली आहेत.

म्हणून मी पहिल्याच दिवशी ठरवलं, हातोडा लावायचा नाही. दांड्यावर पाइप चढवून जोर द्यायचा नाही. माझ्या हातून एखादा दात मोडला असता तर तो आत्ता मोडला की साडेनऊ वर्षांपूर्वी, हे मलाही सांगता आलं नसतं. त्यामुळे मी वही उघडली आणि सावकाश सुरुवात केली.

पहिले पाच दिवस टेबल डिझेलच्या घमेल्यात बुडवून ठेवलं. रोज सकाळी काढून दांडा हाताने दाबून बघायचा, किती हलतो ते लिहायचं. पाचही दिवशी एकच आकडा लिहिला: शून्य. सहाव्या दिवशी वैतागून टेबल गच्चीवर उन्हात ठेवलं, डिझेल तरी वाळेल म्हणून. त्या दिवशी जळगावला चव्वेचाळीस अंश होतं. दुपारी दोन वाजता जुनं बनियन हाताला गुंडाळून दांडा दाबला आणि तो हलला. फार नाही, दांड्यामागच्या आकड्यांच्या तबकडीवर अकरा मिनिटं. मी तसाच खाली पळत गेलो, बायकोला सांगितलं. तिने विचारलं, अकरा मिनिटं म्हणजे किती? मी म्हटलं, एका अंशाचा पाचवा भागसुद्धा नाही. ती म्हणाली, मग पळत कशाला आलात.

संध्याकाळी सातला पुन्हा बघितलं, परत शून्य. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा चौदा मिनिटं, संध्याकाळी शून्य. असं तीन दिवस चाललं. आता माझं डोकं चालायला लागलं. गंज लागलेलं लोखंड दुपारी मऊ आणि संध्याकाळी कडक होत नाही. काही तुटून अडकलं असेल तर खट्ट असा आवाज येतो आणि दांडा एका जागी थांबतो. इथे तसं नव्हतं. दांडा दाबला की थोडा दबायचा आणि सोडला की किंचित मागे यायचा, रबरासारखा. आत काहीतरी चिकटलेलं होतं. पण असं कोणतं ग्रीस असतं जे दगड होतं, हे मला कळेना.

ते कळलं बायकोला. ती पापड वाळत घालायला गच्चीवर आली होती. टेबलाच्या बाजूला तेल घालायचं एक बारीक भोक असतं, त्याच्या कडेला पिवळट तांबूस थर होता. तिने तो नखाने खरवडला, बोटावर चोळला, वास घेतला.

"हे कढईच्या बाहेरच्या बाजूला बसतं ना, तसं आहे," ती म्हणाली. "पण शेंगदाण्याचं नाही हे. जवसाचं आहे."

मी म्हटलं, मशीनमध्ये जवसाचं तेल कोण घालेल? ती पापड उलटत राहिली. तिच्याच काकांबद्दल चाललं होतं, त्यामुळे तिला उत्तर माझ्या आधी सापडलं असणार.

मी आबांना फोन केला. सहज विचारतोय असं दाखवत विचारलं की दसऱ्याच्या पूजेला मशिनींना कोणतं तेल घालायचात. आबा खूश झाले. म्हणाले, घाण्याचं जवसाचं, दुसरं कसलं? वर्षभर मशीन त्या काळ्या तेलावर राबते, सणाच्या दिवशी तरी तिला चांगलं नको का? मग त्यांनी सांगितलं की प्रत्येक मशीनला हळदकुंकू, फूल, अक्षता आणि पळीभर तेल असं त्यांचं ठरलेलं होतं, आणि हे टेबल तर घेतल्यापासून अगदी गेल्या दसऱ्यापर्यंत कधी चुकलेलं नाही.

मी फोन ठेवला आणि वहीत लिहिलं: टेबल घेऊन एकोणीस दसरे. एकोणीस पळ्या.

आता बाकीच्या मशिनी का जाम झाल्या नाहीत, हा प्रश्न उरला. तोही वहीतच सुटला. लेथ रोज चालायची, रोज तिच्यात मशीनचं तेल पडायचं, दसऱ्याचं जवस चार दिवसांत धुऊन जायचं. रोटरी टेबल वर्षातून दोनतीनदा लागायचं. ते पूजा करून पेटीत जायचं आणि पेटीत बसून वाळायचं. पहिली नऊ वर्षं ते कसंबसं ओढत राहिलं असणार. दहाव्या पळीने ते अडलं, आणि नेमकं त्याच आठवड्यात नाना ते घेऊन गेले.

पण हा माझा तर्क झाला, मोजणी नव्हे. मी काचेचे दोन तुकडे घेतले. एकावर जवसाचं तेल पसरलं, दुसऱ्यावर मशीनचं, आणि दोन्ही गच्चीवर ठेवले.

दरम्यान टेबल सोडवण्याचं काम बायकोने सांगितलेल्या पद्धतीने केलं. चिकट कढईला ती गरम पाण्यात धुण्याचा सोडा टाकून उकळते. मी ॲल्युमिनियमचा मोठा टोप उचलला तर तिने तो हातातून काढून घेतला, सोड्याने तो काळा पडतो म्हणाली. मग अंगणात तीन विटा मांडून लोखंडी घमेलं ठेवलं. खाली कपाशीच्या काड्या पेटवल्या, वर सोड्याचं पाणी आणि पाण्यात सत्तावीस किलोचं वाण. चाळीस मिनिटांनी पाणी चहासारखं झालं. ते ओतून दुसरं पाणी, पुन्हा चाळीस मिनिटं. तिसऱ्या पाण्याला फेस आला आणि अंगणभर तळणीचा वास सुटला. समोरच्या अक्कांनी कुंपणावरून विचारलं, काय करताय गं आज? बायको म्हणाली, रोटरी टेबल. अक्का म्हणाल्या, आमच्याकडे नाही करत.

तिसऱ्या पाण्यातून काढल्यावर मी दोन फडक्यांनी दांडा धरला आणि फिरवला. तो फिरला. पाव फेरा, मग अर्धा, मग पूर्ण. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा पाट हललेला डोळ्यांना दिसला. मी बायकोला हाक मारली, पण या वेळी पळत गेलो नाही.

गरम असतानाच पुसून, वाळवून सगळं उघडलं. आत जागोजाग मधाच्या रंगाची साल बसली होती, काही ठिकाणी थरावर थर. थर मोजायचा मी प्रयत्न केला, कधी अकरा आले, कधी तेरा, म्हणून तो आकडा लिहिला नाही. तबकडीच्या मागे सालीत एक अक्षता सापडली, अजून पिवळी होती. चाकाचे नव्वद दात भिंगाखाली दोनदा मोजले. एकही मोडलेला नाही, एकावरही टवका नाही. मग तडा बघायची परीक्षा केली. लोखंडाला रॉकेल लावायचं, कोरडं पुसायचं आणि वर खडूची भुकटी टाकायची. तडा असेल तर त्यात मुरलेलं रॉकेल भुकटीवर रेघ उमटवतं. पाटावर, बुडावर, मशीनला आवळायच्या कानांवर सगळीकडे भुकटी टाकून अर्धा तास बसलो. रेघ उमटली नाही.

नानांनी टेबल पाडलेलं नव्हतं.

सगळं धुऊन, मशीनचं तेल घालून टेबल पुन्हा जुळवलं. दांडा उलटा फिरवताना वर्म आणि चाकात थोडी मोकळीक राहते, ती मोजली, सहा मिनिटं आली. मग एका कागदावर अहवाल लिहिला. तडा: नाही. मोडलेले दात: नाहीत. अडकण्याचं कारण: वाळलेलं जवसाचं तेल. खाली सही आणि तारीख.

बायकोने तो वाचला. "हा पंचनामा तुम्ही आबांच्या हातात देणार?"

"त्यांनीच मागितलाय."

"त्यांनी नानांचा मागितला होता," ती म्हणाली. थोड्या वेळाने तीच म्हणाली की द्याच, पण फोनवर सांगू नका, तिथे जाऊन द्या. आणि जावयाला काका काही बोलू शकणार नाहीत, तेवढा फायदा घ्या.

रविवारी सकाळी टेबल गाडीच्या मागे टाकलं, काचेचे दोन तुकडे वर्तमानपत्रात गुंडाळून पुढच्या सीटवर ठेवले आणि निघालो. एरंडोल, पारोळा, धुळे, पंचाण्णव किलोमीटर. वाटेत मी दोनतीनदा सुरुवातीचं वाक्य जुळवलं. आबांच्या दारात पोचलो तेव्हा एकही आठवेना, म्हणून सरळ कागदच दिला.

आबांनी तो उभ्याने वाचला, मग बसून वाचला.

"तेलाने कधी मशीन अडते का, जावईबापू?"

मी वर्तमानपत्र सोडलं. मशीनच्या तेलाची काच तिरपी धरली, तेल ओघळलं. जवसाची धरली, काही ओघळलं नाही. आबांनी त्यावर बोट फिरवलं. नख लावलं. साल निघाली, कांद्याच्या पापुद्र्यासारखी. ती त्यांनी उजेडात धरून बघितली. आतून त्यांच्या बायकोने, म्हणजे आमच्या काकूंनी, बाहेर न येताच सांगितलं की दर दसऱ्याला पळीभर तेल माझ्या चटणीच्या बरणीतलं जायचं, मी तेव्हाच म्हणत होते लोखंडाला कशाला. आबा म्हणाले, तू चटणीसाठी म्हणत होतीस. काकू म्हणाल्या, कशासाठी का असेना, म्हणत होते ना.

मला वाटलं आता ते चहा सांगतील आणि विषय तिथेच संपेल, आणि कागद कुठल्यातरी डायरीत जाईल. तसं झालं असतं तर मी काय केलं असतं, ते मला माहीत नाही. नानांनाही मी शब्द दिलेला होता. पण आबांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली, टोपी डोक्यावर घातली आणि विचारलं, "टेबल गाडीतच आहे ना?"

सोनगीरच्या वाटेवर ते कपाशीबद्दल बोलले, हायवेच्या पुलाबद्दल बोलले, माझ्या गाडीच्या क्लचबद्दल बोलले. गावाचा किल्ला दिसायला लागल्यावर बोलायचे थांबले.

नाना घराला लागून असलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये फवारणी पंप दुरुस्त करत बसले होते. आबांना बघून ते उठले नाहीत, पण हातातला पाना खाली ठेवला. मी टेबल त्यांच्या बाकावर ठेवलं. आबांनी खिशातून कागद काढला, तोंड उघडलं, तेवढ्यात नानांनी हात वर केला.

"आधी मी फिरावस. मंग बोलसूत."

त्यांनी तबकडी शून्यावर आणली आणि दांडा फिरवायला घेतला, एकेक फेरा मोजत. पाट पूर्ण एकदा फिरायला नव्वद फेरे लागतात, हे त्या शेडमधल्या तिघांनाही माहीत होतं. वीसला मला वाटलं ते थांबतील. थांबले नाहीत. तीसला नानांच्या सुनेने पाणी आणलं, ते बाकावर तसंच राहिलं. आबा हातात कागद धरून उभे होते. बसायला कोणी सांगितलं नव्हतं आणि ते बसलेही नाहीत. पन्नासनंतर नानांनी डोळे मिटून घेतले, नुसत्या हाताने कुठे अडतंय का ते बघत होते. कुठेच अडलं नाही. नव्वदला शून्य शून्यावर आलं.

"आते सांग," नाना म्हणाले.

आबा माझ्याशी नेहमी शहरी मराठीत बोलतात. तिथे मी त्यांची अहिराणी पहिल्यांदा ऐकली. त्यांनी फिरवून काही सांगितलं नाही. तू पाडलं नव्हतं, जवसाच्या तेलाने अडलं, आणि तेल मीच टाकत होतो, एवढंच सांगितलं. कागद पुढे केला. नानांनी तो घेतला नाही. ते काहीतरी हिशोब करत होते.

"दरसाल?"

"दरसाल."

"जाम व्हयनं, तरी बी तू तेल टाकत ऱ्हायना?"

आबा म्हणाले, "जाम व्हयनं म्हनीसन तं जास्ती टाकं."

नाना हसले. आधी नुसतं नाकातून, मग खांदे हलायला लागले, मग बाकाला धरून खाली वाकले. सून दारात येऊन उभी राहिली. आबांच्याही तोंडावर काहीतरी आलं, त्याला हसू म्हणता येईल की नाही ते मी सांगत नाही. नानांनी डोळे पुसले, पायाने एक स्टूल ओढलं आणि आबांकडे सरकवलं. आबा बसले.

पुढचा अर्धा तास मला कोणी काही विचारलं नाही. नानांनी दांडा उलटा फिरवून बघितला आणि म्हणाले, मोकळीक किती शे? मी सहा मिनिटं सांगितली. दोघांनी एकदमच तोंड वाकडं केलं. सहा फार झाली. तीनवर आणायला पाहिजे. कोण आणेल, म्हटल्यावर नानांनी पेटीतून स्क्रूड्रायव्हर काढला आणि आबांनी तो त्यांच्या हातून घेतला, कारण तो त्या स्क्रूला मोठा होता. जेवण झाल्यावर मी निघतो म्हटलं. आबा म्हणाले, मी राहतो दोन दिवस, टेबल झालं की कळवतो, तुम्ही गाडी हळू चालवा.

मी रिकाम्या गाडीने घरी आलो. बायकोने मागे डोकावून बघितलं आणि विचारलं, वाण परत घेतलं का काकांनी? मी म्हटलं, दुरुस्तीला ठेवलंय. ती म्हणाली, दुरुस्त तर तुम्ही केलंत.

त्याला आज सतरा दिवस झाले. आबा अजून सोनगीरलाच आहेत, काकू परवा त्यांचे कपडे पाठवत होत्या. मी एक दिवसाआड फोन करतो. आबा उचलतात तेव्हा सांगतात की नाना फार घट्ट आवळतो, त्यामुळे दांडा जड जातो. नाना उचलतात तेव्हा सांगतात की आबा फार ढिलं सोडतो. काल मोकळीक साडेतीन मिनिटांवर आली होती. मी म्हटलं, मला साडेतीन चालेल. नाना म्हणाले, तुमले चाली, आमले नही.